जहाजाखालचे तळे

गेल्या वर्षी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे नकाशे आले. मी तीस वर्षे ड्राफ्ट्समनची नोकरी केलेला माणूस. नकाशा हातात आला की आधी जिने, मग गटारे आणि मग पाणी कुठून येते ते बघायची सवय लागलेली. जुन्या नकाशात मागच्या अंगणात एक वर्तुळ होते : आमची विहीर. नव्या नकाशात त्याच जागी मोटारतळाचा एक खांब उभा होता. सभेत मी विचारले, विहिरीचे काय? विकासकाकडून आलेला तरुण इंजिनिअर हसून म्हणाला, "काका, ती भरणारच. पाण्यावर कधी बिल्डिंग उभी राहते का?"

सभेत कोणी काही बोलले नाही. मीही गप्प बसलो. पण घरी आल्यावर कपाटातून मुंबईच्या गॅझेटियरचा तिसरा खंड काढला आणि खूण घालून ठेवलेले पान पुन्हा वाचले. पाण्यावर इमारत उभी राहते. याच शहरात, क्रॉफर्ड मार्केटपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, ती दोनशेहून अधिक वर्षे उभी आहे. रोज पाच वेळा तिथे माणसे जमतात. त्या इमारतीचे नाव जामा मशीद.

हा लेख त्या मशिदीबद्दल आहे आणि तिच्या पोटात राहिलेल्या तळ्याबद्दल आहे. तळे आधी की मशीद आधी, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला होता. त्याचे उत्तर शोधताना मी इस्तंबूल आणि बुर्सापर्यंत पुस्तकांतून जाऊन आलो आणि शेवटी बोरिवलीच्या कान्हेरीत पोचलो.

दुकानांच्या कड्यामागे

शेख मेमन स्ट्रीटवरून झवेरी बाजाराकडे जाणाऱ्या माणसाला ही मशीद चटकन दिसत नाही. तिच्याभोवती गच्चीच्या दुमजली इमारतींचे कडे आहे आणि तळमजल्यावर दुकाने. बाजारात मशीद बुडून गेल्यासारखी वाटते. ही जुनी सोय आहे. दुकानांच्या भाड्यातून धर्मस्थळाचा खर्च चालावा, हा प्रघात आपल्याकडे देवळांनाही नवा नाही. इस्तंबूलच्या मोठ्या मशिदींभोवती अशीच बाजारपेठ वसवलेली असे आणि तिचे उत्पन्न मशिदीच्या वक्फाकडे जाई.

मुख्य दरवाजा पूर्वेला आहे. नमाजाची दिशा इथून पश्चिमेची, त्यामुळे पूर्वेकडून येणारा माणूस सरळ किब्ल्याकडे तोंड करूनच आत शिरतो. पण दरवाजा ओलांडला की समोर भिंत येत नाही. चौक येतो आणि चौकापलीकडे पाणी येते. मी परवानगी घेऊन, नमाजाच्या वेळा टाळून गेलो होतो. दाराशी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी एवढेच सांगितले, "चपला इथे ठेवा, आणि पाण्यात काही टाकू नका." बाहेर हातगाड्यांचा कल्लोळ चालू होता. आत पायऱ्या उतरत गेलेले तळे, त्यात मासे, आणि वजू करायला बसलेली दोन-तीन माणसे.

एस. एम. एडवर्ड्स यांनी सिद्ध केलेले मुंबई शहर आणि बेटाचे गॅझेटियर १९०९-१० साली तीन खंडांत निघाले. त्यातले या मशिदीचे वर्णन अजूनही ताडून पाहता येते. तळ्याच्या तळाशी झरे आहेत. पाणी सुमारे दहा फूट खोल. दगडी पायऱ्या आणि काठ १८९३ साली बांधलेले. तळ्याच्या तळातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर येतात आणि त्यांनी मशिदीचा सगळा डोलारा तोलून धरलेला आहे. या कमानी १८७४ सालच्या. वरचा मजला लाकडी खांबांच्या पाच रांगांवर उभा आणि प्रत्येक खांबात पवित्र ग्रंथ ठेवण्यासाठी कोनाडा.

मी घरी येऊन आलेख कागदावर या इमारतीचा उभा छेद काढून पाहिला. दगड दाब सहन करतो, ताण सहन करत नाही. कमानीची करामत अशी की वरून आलेले वजन ती दोन्ही बाजूंना वळवते आणि प्रत्येक चिऱ्यावर फक्त दाब ठेवते. शिवाय काळा दगड पाण्यात कुजत नाही. लाकूड वजनाला हलके, पण ओल लागली की धोक्याचे. म्हणून पाण्यात दगड आणि पाण्याच्या वर लाकूड. ज्या कोणी हे ठरवले त्याला साहित्याचा स्वभाव पुरता ठाऊक होता.

तारखांकडेही नीट पाहिले पाहिजे. मशीद पुरी झाली १८०२ साली. ती मुळात एकमजली होती. वरचा मजला १८३७ साली चढला. कमानी १८७४ च्या आणि पायऱ्या १८९३ च्या. म्हणजे भार आधी वाढला आणि आजचा आधार नंतर आला. आपण एखादी जुनी वास्तू पाहतो तेव्हा ती एकदाच, एकाच हाताने बांधली असे धरून चालतो. इथे जवळजवळ सव्वाशे वर्षे काम चालू होते, आणि या सगळ्या काळात पाणी होते तिथेच राहिले.

अट

ते तिथे का राहिले? गॅझेटियर सांगते की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जागा बागा आणि मोकळ्या जमिनीची होती. मधोमध मोठे तळे होते. जमीन गोवा आणि कल्याणशी व्यापार असलेल्या एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. १७७५ च्या सुमारास मशिदीचा विषय निघाला तेव्हा त्याने जागा देऊ केली, पण एका अटीवर : तळे शाबूत राहिले पाहिजे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर या एका अटीत आहे. तळे मशिदीसाठी खोदलेले नव्हते. तळे आधी होते. मशीद नंतर आली आणि तिने तळ्याशी जुळवून घेतले. जागा दुसरी शोधणे शक्य होते, तळे बुजवणे त्याहून सोपे होते. बांधणाऱ्यांनी दोन्ही केले नाही, पाण्यावरच मशीद उभारली. बांधकाम रेंगाळत सत्तावीस वर्षे चालले.

या मशिदीच्या इतिहासातली नावे मराठी कानाला ओळखीची वाटतात. १८३७ चा मजला चढवला तो मोहम्मद अली रोघे यांच्या देणगीतून, कोकणी जमातीच्या प्रतिनिधींनी १८३४ साली केलेल्या करारानुसार. रोघे हे जहाजांचे धनी, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांचे चीनच्या व्यापारातले भागीदार. त्यांच्या नावामागे ‘नाखुदा’ लागते. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा तांडेल. याच भागातल्या एका मोहल्ल्याला नाखुदा मोहल्ला म्हणतात. ही सगळी समुद्रावर पोट असलेली माणसे होती.

आणि म्हणूनच मशिदीच्या पूर्णत्वाचा काळ त्यांनी जहाजाच्या रूपात नोंदवला. आपल्याकडे शिलालेखात शक सांगताना चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन असे शब्दांक वापरतात. अरबी-फारसी परंपरेत प्रत्येक अक्षरालाच आकडा दिलेला असतो. त्या पद्धतीला अब्जद म्हणतात. जामा मशिदीचा कालदर्शक शब्द आहे ‘जहाज-ए-आख़िरत’, म्हणजे परलोकीचे जहाज. मी अक्षरांचे कोष्टक शिकून घेऊन बेरीज करून पाहिली. जीम ३, हे ५, अलिफ १, झे ७ : ‘जहाज’चे १६. अलिफ १, ख़े ६००, रे २००, ते ४०० : ‘आख़िरत’चे १२०१. एकूण १२१७. हिजरी १२१७ म्हणजे मे १८०२ ते एप्रिल १८०३. बेरीज बरोबर आली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, आणि घरात सांगायला कोणी जागे नव्हते.

कवीला नुसता सन जुळवायचा असता तर दुसरे शब्दही मिळाले असते. त्याने जहाज निवडले, कारण इमारत खरोखरच पाण्यावर होती आणि ती बांधणारे जहाजांवर जगणारे होते.

बुर्सा आणि इस्तंबूल

पाणी पोटात घेतलेली मशीद जगात आणखी कुठे आहे का, हे शोधताना मला तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराची उलू जामी सापडली. बुर्सा ही उस्मानी सुलतानांची जुनी राजधानी. १३९६ साली निकोपोलिसच्या लढाईत बायझीद पहिला जिंकला आणि त्यानंतर ही मशीद उभी राहिली. विजय मिळाला तर वीस मशिदी बांधीन असा त्याने नवस केला होता आणि शेवटी वीस घुमटांची एकच मशीद बांधली, असे लोक सांगतात. घुमट खरोखर वीस आहेत, बारा जाड खांबांवर तोललेले. त्यातल्या एका घुमटाला माथ्यावर उघडे भोक ठेवले होते (आता त्यावर काच आहे) आणि त्याखाली, ऐन नमाजाच्या दालनात, पाण्याचे कारंजे आहे. वजूचे पाणी साधारणतः बाहेरच्या चौकात असते. बुर्सात ते आत आले.

याचीही एक लोककथा आहे. कारंज्याच्या जागी एका बाईचे घर होते. ती ते विकायला तयार नव्हती. पुढे जागा मिळाली तरी मूळ मालकिणीची मर्जी नव्हती म्हणून तिथे नमाज पढू नये असे ठरले, आणि तेवढ्या जागेवर पाणी आणले. कथा खरी की खोटी हा भाग वेगळा. पण बुर्सातली कथा आणि मुंबईतली नोंद एकच गोष्ट सांगतात : देणाऱ्याच्या मनात काय होते ते घेणाऱ्याने इमारतीच्या रचनेत जपायचे असते.

दोन्हीकडच्या पाण्यात मात्र फरक आहे. बुर्साचे पाणी वाहते, मुंबईचे साठलेले. उस्मानी राज्यात हनफी पंथाचे वर्चस्व होते आणि तिथे मशिदींच्या कारंज्यांना तोट्या बसवण्याची पद्धत रुळली. अरबीत तोटीला ‘हनफिया’ म्हणतात, तो शब्द याच पंथाच्या नावावरून आला असे सांगतात. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्या पंथाच्या नियमानुसार साठा दोन ‘कुल्ल्यां’पेक्षा, म्हणजे दोन मोठ्या रांजणांपेक्षा, अधिक असेल, तर रंग, वास किंवा चव बदलेपर्यंत ते पाणी शुद्ध धरतात. दहा फूट खोल झऱ्याच्या तळ्याला या नियमात कसलीच अडचण नव्हती.

इस्तंबूलमध्ये याच्या नेमके उलट झाले. आयासोफियाजवळ जमिनीखाली बायझंटिन सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेली एक प्रचंड टाकी आहे : ३३६ खांब, बारा रांगा, प्रत्येक रांगेत अठ्ठावीस. १४५३ साली शहर उस्मानींच्या हाती आल्यावर त्यांनी साठ्यापेक्षा वाहत्या पाण्यावर भर दिला. मशिदींसाठी प्रसिद्ध असलेला सिनान हा कालवे आणि जलसेतू बांधण्यातही तितकाच मोठा होता. टाकी विस्मरणात गेली. १५४० च्या दशकात पिएर जिल नावाचा फ्रेंच विद्वान तिथे आला, तेव्हा त्याला कळले की काही घरांतले लोक तळघरातल्या भोकातून बादली सोडून पाणी काढतात आणि मासेही पकडतात. आपण कशावर राहतो याचा त्यांना पत्ता नव्हता. टाकीचा शोध त्या माशांमुळे लागला.

पाणी विसरले जाते म्हणजे काय होते, ते मला या गोष्टीने दाखवले. इस्तंबूलची टाकी निदान जमिनीखाली शाबूत राहिली. मुंबईच्या तळ्यांचे तेवढेही नशीब नव्हते.

गेलेली तळी

मुंबईकर आजही धोबी तलावला उतरतो, सी. पी. टँकला देवदर्शनाला जातो, दोन टाकीला टॅक्सी थांबवतो. नावे राहिली, पाणी गेले. गोवालिया टँकवर मैदान झाले आणि ८ ऑगस्ट १९४२ ला तिथून ‘चले जाव’ची हाक निघाली. जामा मशिदीपासून जवळच असलेल्या मुंबादेवीचे तळेही बुजले.

हे का घडले याची साखळी आपल्या उपनगरांतून सुरू होते. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात पोचले. १८७९ साली तुळशीची भर पडली. साष्टीच्या डोंगरातले पाणी घरात येऊ लागल्यावर शहरातल्या तळ्या-विहिरींकडे पाहण्याची नजर बदलली. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी डास आणि हिवतापाचा संबंध दाखवून दिला. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापावरचा अहवाल निघाला आणि विहिरी व टाक्यांवर बोट ठेवले गेले. विहिरी बंद करण्याचा सपाटा सुरू झाला. त्या काळी हिवतापाने माणसे मरत होती, तेव्हा या धोरणाला मूर्खपणा म्हणता येणार नाही. पण त्यात एक गोष्ट दिसते. ज्या पाण्याशी कोणाची श्रद्धा बांधलेली होती, तेच बहुतेक वाचले. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर पारशी श्रद्धेने वाचवली. वाळकेश्वरची बाणगंगा तीर्थ म्हणून राहिली. आणि जामा मशिदीचे तळे वजूसाठी राहिले.

मला वाटते, तळे मशिदीने वाचवले हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे असे की त्या व्यापाऱ्याच्या अटीने तळे आणि मशीद एकमेकांत अडकवली. इतकी, की तळे बुजवायचे तर सोळा कमानींखाली हात घालावा लागला असता. शिवाय त्या पाण्यात मासे होते. आज महापालिकेचे लोक विहिरींत गप्पी मासे सोडतात, ते डासांच्या अळ्या खातात म्हणून. तळ्यातल्या माशांची नोंद शंभर वर्षांपूर्वीच्या गॅझेटियरमध्येही आहे.

कल्याणचा व्यापारी

हे सगळे टिपून झाल्यावर एका रविवारी मी कान्हेरीला गेलो. बोरिवलीच्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि लेण्यांइतकेच थक्क करणारे आहे तिथले पाणी. बहुतेक लेण्यांच्या दाराशी खडकात कोरलेले टाके आहे. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी पन्हळींतून त्यात उतरवलेले आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. लेण्यांबरोबर पोढी दान दिल्याचे लेख तिथे जागोजागी आहेत, आणि दात्यांच्या गावांत एक नाव पुन्हा पुन्हा येते : कल्याण.

मी त्या पायऱ्यांवर बसून राहिलो. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला कल्याणचा व्यापारी बौद्ध भिक्षूंना लेणे देतो आणि सोबत पाण्याचे टाके देतो. अठराव्या शतकातला कल्याणशी व्यापार असलेला मुसलमान व्यापारी मशिदीला जागा देतो आणि तळे राखायला सांगतो. या दोघांत मी कसलेही नाते जोडत नाही. मधे दीड हजार वर्षे आहेत, धर्म वेगळा आहे, भाषा वेगळी आहे. पण चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड असलेल्या याच किनाऱ्यावर दोघांनी धंदा केला. निवारा देणाऱ्याने पाण्याचीही सोय पाहिली पाहिजे, हे दोघांनाही वेगळे कोणी सांगावे लागले नसणार.

विहिरीचे पुढे

दिवाळीपूर्वीच्या सभेला मी तीन कागद घेऊन गेलो. पहिला, जामा मशिदीचा मी काढलेला छेद. दुसरा, आमच्या विहिरीची गेल्या मे महिन्यात रोज सकाळी दोरी सोडून घेतलेली मापे. पाणीकपातीच्या त्या महिन्यात सोसायटीचे शौचालयांचे आणि धुण्याचे पाणी याच विहिरीतून आले होते. तिसरा, विकासकाच्याच नकाशाची प्रत, त्यात मोटारतळाचा खांब चार फूट सरकवून दाखवलेला.

माझ्या इतिहासात कोणाला फारसा रस नव्हता, हे कबूल करतो. "मशिदीचं इथे काय?" असेही एकाने विचारले. मी म्हटले, तिथे वर जेवढे वजन आहे त्या हिशेबाने चार फुटांचे काय ते बघा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मात्र मापांचा कागद मागून घेतला आणि चष्मा लावून पूर्ण वाचला. तो तरुण इंजिनिअर छेदावर बराच वेळ वाकून होता. कमानींचा पाया तळ्याच्या तळाशी कसा टेकवला असेल, हे त्याने मला दोनदा विचारले. मग म्हणाला, "एकदा बघायला न्याल का?"

खांब सरकवला तर मोटारींच्या दोन जागा कमी होतात. त्या कोणाच्या कमी करायच्या यावर सभा अडली आहे आणि मतदान दिवाळीनंतर आहे. सुधारित नकाशात मागच्या अंगणातले वर्तुळ तूर्त पेन्सिलीने काढलेले आहे. पुढच्या शनिवारी, दुपारच्या आणि असरच्या नमाजाच्या मधल्या वेळेत, मी त्या मुलाला घेऊन शेख मेमन स्ट्रीटला जाणार आहे.